खर्ड्याचें रण आणि लंडनचा कायदा



बीडहून पाटोद्याच्या वाटेनें बालाघाटाचे उघडे माळ ओलांडून दक्षिणेकडे उतरूं लागलें, कीं जिल्ह्याची हद्द संपते आणि जामखेड तालुक्यांतलें खर्डा हें गांव लागतें. आज तें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत मोडतें. परंतु जिल्ह्यांच्या ह्या हद्दी अलीकडच्या. ज्या काळची हकीकत आज सांगावयाची आहे त्या काळीं बीड, पाटोदा, अंबेजोगाई हा मुलूख निजामाच्या अमलाखालचा. आमचीं जुनीं माणसें त्याला मोगलाईच म्हणत. त्या मोगलाईच्या पश्चिम दाराशीं खर्डा. गांवांत निंबाळकरांनीं बांधलेला भुईकोट किल्ला आहे, आणि त्याचा तट अजूनही उभा आहे.

ता. ११ मार्च १७९५ रोजीं ह्या गांवाच्या आसमंतांत मराठे आणि निजामअल्ली यांची लढाई झाली. तिची गोष्ट शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असते. चौथाई-सरदेशमुखीची थकलेली बाकी, हिशेबाचा वर्षानुवर्षांचा घोळ, आणि निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क याची उर्मट जीभ. मराठ्यांचा वकील गोविंदराव काळे हिशेबाची गोष्ट काढूं लागला, तेव्हां नाना फडणविसांनीं स्वतः हैदराबादेस येऊन खुलासा करावा, असें दिवाणानें सांगितलें. नानांना कारभारांतून सवड कशी होणार, असें वकील म्हणतांच, त्यांना हुजुरांपुढें कसें आणावयाचें तें मी दाखवितों, असें दिवाण उत्तरला. ही हकीकत ग्रँट डफनें लिहून ठेवली आहे. एका माणसाच्या तोंडून सुटलेल्या एका वाक्यानें दोन राज्यें रणांत उतरलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल. परंतु तें वाक्य निघालें नसतें तर कदाचित् हिशेबाचे कागद आणखी चार वर्षें इकडून तिकडे फिरत राहिले असते.

पुण्याहून सवाई माधवराव पेशवे स्वतः निघाले. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, झाडून सारे सरदार एका झेंड्याखालीं आले. मराठी सत्तेच्या इतिहासांत असा योग पुन्हा आला नाहीं. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापति होते. तिकडून निजाम बेदराहून निघाला आणि मांजरेच्या कांठाकांठानें पश्चिमेकडे चालत आला. मांजरा पाटोद्याच्या डोंगरांतच उगम पावते. म्हणजे नदीच्या उलट्या अंगानें तो आमच्याच मुलखावरून तिच्या मुळाकडे येत होता. दोन्ही बाजूंच्या फौजा लाखावर होत्या, असें डफ म्हणतो. अशी फौज ज्या वाटेनें जाते त्या वाटेवरच्या गांवांचा कडबा, पेवांतली ज्वारी आणि विहिरींतलें पाणी यांचें काय होतें, हें बखरकार लिहीत नाहींत. फाल्गुनाचे दिवस, बालाघाटावरचे झरे आटत आलेले. ऐकणाऱ्यांनीं आपल्याशीं कल्पना करावी.

लढाई म्हणावी तर ती फारशी झाली नाहीं. दिवसा चकमकी झाल्या. रात्रीं कांहीं मराठे स्वार घोड्यांना पाणी पाजण्यास ओढ्यावर गेले असतां गोळीबार झाला, त्याचा गलबला निजामाच्या छावणींत पसरला, आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यांत जाऊन बसला. दोन दिवस तोफांचा मार सोसून त्यानें तहाचें बोलणें लावलें. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, तीन कोटी रुपये, आणि स्वतः मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हातीं द्यावा, असें ठरलें. विजयाचा जल्लोष चालू असतां तरुण पेशवा मात्र खिन्न दिसला. एका बाजूनें एवढी लाजिरवाणी शरणागति पत्करावी आणि दुसरीनें न लढतां मिळालेल्या जयाची बढाई मारावी, हें दोघांच्याही अधःपाताचें चिन्ह आहे, अशा अर्थाचें कांहीं तो नानांपाशीं बोलला, असें डफ सांगतो. पेशव्याचें वय तेव्हां वीस वर्षें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो वारला.

हें सारें आपणांस ठाऊक आहे. आज मला बोलावयाचें आहे तें त्या रणावर हजर नसलेल्या तिसऱ्याविषयीं.

निजामाच्या नोकरींत त्या वेळीं कंपनी सरकारच्या दोन पलटणी होत्या. निजामानें त्यांचा खर्च सोसावा आणि त्यांनीं त्याच्या कामीं यावें, असा करार. शिवाय १७९० सालीं टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे यांनीं एकत्र तह केला होता. ह्या जोरावर इंग्रज आपल्या पाठीशीं उभे राहतील, निदान मध्यें पडून मराठ्यांना थोपवितील, अशी आशा निजामाला होती, आणि ती अगदींच वेडी नव्हती. परंतु कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याचें उत्तर आलें तें नकाराचें. त्या दोन पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरतां येणार नाहींत. कंपनी ह्या युद्धांत पडणार नाहीं. ह्या नकाराचीं कारणें अनेक होतीं. मराठ्यांची एकवटलेली ताकद शोअरला दिसत होती, आणि कंपनीच्या खजिन्याची स्थितिही त्याला पुरी ठाऊक होती. पण त्यानें पुढें केलेलें एक कारण असें, कीं हिंदुस्थानच्या आधींच्या इतिहासांत तें कोणत्याही सत्ताधीशाच्या तोंडून सहसा निघालेलें नाहीं. लढाई सुरू करण्याचा मला कायद्यानें अधिकार नाहीं, असें तें कारण.

आज जगांत एक प्रश्न मोठ्या चिंतेनें विचारला जातो. अण्वस्त्राचा पहिला प्रहार करण्याची मुभा एका माणसाच्या हातीं असावी काय, कीं देशाच्या कायदेमंडळानें त्याचा हात आधींच धरून ठेवावा? हा प्रश्न विज्ञानयुगाचा वाटतो. परंतु पहिला वार करण्याचा अधिकार कायद्यानें बांधतां येतो काय, बांधला तर तो किती टिकतो, आणि कोठें सुटतो, याचा एक पुरा प्रयोग आपल्याच मुलखांत होऊन गेला आहे. म्हणून खर्ड्याकडे जरा निराळ्या बाजूनें पाहूं.

तो कायदा १७८४ चा. इंग्लंडचा प्रधान पिट यानें तो पार्लमेंटांत आणला म्हणून पिटचा कायदा या नांवानें तो ओळखला जातो. गंमत अशी, कीं त्याचें बीज मराठ्यांशीं झालेल्या युद्धांतच पडलें होतें. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टानें मुंबई आणि मद्रास येथील सरकारांना कलकत्त्याच्या संमतीवांचून युद्ध किंवा तह करण्याची मनाई केली होती. मनाईला दोन पळवाटा ठेवल्या होत्या. एक, आणीबाणीचा प्रसंग. दुसरी, कंपनीचा थेट लंडनहून आलेला हुकूम. कायदा अमलांत येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोंच मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याच्या सरकारनें डिसेंबर १७७४ मध्यें ठाण्याचा किल्ला घेतला, आणि मार्च १७७५ मध्यें राघोबादादाशीं सुरतेचा तह करून पुण्याच्या कारभाऱ्यांवर युद्ध ओढवून घेतलें. साष्टी आणि वसई यांवर मुंबईकरांचा डोळा होता. राघोबाला गादी हवी होती. कलकत्त्यास हें कळलें तेव्हां तेथल्या कौन्सिलानें हें युद्ध बेकायदा आणि अन्यायाचें आहे, असा स्पष्ट निवाडा दिला, आपला वकील पुण्यास धाडला, आणि १७७६ मध्यें पुरंदरचा तह केला.

कायद्याचा हा जय झाला असें कोणी म्हणेल. परंतु थोड्याच दिवसांत लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांचें पत्र आलें. त्यांत सुरतेच्या तहाबद्दल मुंबईकरांची पाठ थोपटली होती! मनाई ज्याच्यासाठीं केली तोच फायद्याचा वास येतांच मनाई मोडणाऱ्याला शाबासकी देतो. मग कायदा राहिला कोठें? युद्ध पुन्हा पेटलें. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास मुंबईची फौज मराठ्यांनीं कोंडली आणि तिला मान खालीं घालून करार लिहून द्यावा लागला. तो करार इंग्रजांनीं पाळला नाहीं. युद्ध आणखी तीन वर्षें चाललें आणि मे १७८२ मध्यें साळबाईच्या तहानें मिटलें. सात वर्षांत इंग्रजांच्या पदरांत काय पडलें? मुख्यतः साष्टी, जी पहिल्याच झटक्यांत त्यांनीं घेतली होती.

त्याच मे महिन्यांत, साळबाईची बातमी पोंचण्यापूर्वींच, इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सनें ठराव केला, कीं वॉरन हेस्टिंग्स आणि विल्यम हॉर्नबी यांचें वर्तन राष्ट्राच्या अब्रूस सोडून आहे, सबब त्यांना परत बोलवावें. कंपनीच्या भागीदारांनीं तो मानला नाहीं. तेव्हां दोन वर्षांनीं पार्लमेंटनें शिफारशीची भाषा सोडून कायद्याची भाषा धरली.

पिटच्या कायद्याच्या ह्या कलमाचा मतलब असा. हिंदुस्थानांत मुलूखगिरीचे आणि राज्यविस्ताराचे बेत करणें हें इंग्रज राष्ट्राच्या इच्छेला, मानाला आणि धोरणाला विरुद्ध आहे. म्हणून डायरेक्टरांच्या किंवा त्यांच्या गुप्त कमिटीच्या स्पष्ट आज्ञेवांचून गव्हर्नर जनरल आणि त्याचें कौन्सिल यांनीं देशी संस्थानिकांविरुद्ध युद्ध पुकारूं नये, लढाई सुरू करूं नये, अथवा ज्यामुळें दुसऱ्यासाठीं लढावें लागेल असा तहही करूं नये. अपवाद इतकाच, कीं इंग्रजांवर किंवा त्यांच्या संरक्षणाखालच्या दोस्तांवर कोणीं हल्ला केला असेल, अथवा हल्ल्याची तयारी प्रत्यक्ष चालविली असेल. आणि अशा प्रसंगीं युद्ध करावेंच लागलें तर त्याचीं कारणें अत्यंत त्वरेनें लंडनला कळवावीं. १७९३ च्या सनदेच्या कायद्यांत हेंच कलम पुन्हा घातलें गेलें.

पहिला वार करूं नये, असें एखाद्या मोठ्या सत्तेनें आपल्याच अधिकाऱ्याला कायद्यानें बजावल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण त्या काळांत मला दुसरें ठाऊक नाहीं. आमच्याकडे काय होतें? नानांना युद्धाचा निर्णय एकट्यानें घेतां येत नसे हें खरें. शिंदे-होळकरांची मनधरणी करावी लागे, सावकारांकडे कर्जासाठीं जावें लागे, दसरा उजाडून वाटा वाळण्याची वाट पाहावी लागे. १७६३ च्या ऑगस्टांत आमच्याच जिल्ह्यांतल्या राक्षसभुवनाला गोदावरीच्या पुरानें निजामाच्या फौजेचे दोन तुकडे केले आणि अलीकडे अडकलेल्या तुकड्याचा मराठ्यांनीं फडशा पाडला. पावसाळ्यांत लढाई टाळण्याचा जुना शहाणपणा तेथें दोघांनीही गुंडाळून ठेवला होता, आणि त्याची किंमत एकानें मोजली. ऋतु, नदी, पैका आणि सरदारांचे रुसवे, हीच आमची पार्लमेंट. लिहिलेला निर्बंध असा नव्हता.

पिटच्या कायद्याची पहिली कसोटी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या वेळीं लागली. टिपूशीं युद्ध होणार हें त्याला दिसत होतें. निजामाशीं उघड तह केला तर कायदा आड येतो. त्यानें जुलै १७८९ मध्यें निजामाला एक पत्र लिहिलें आणि हें पत्र तहाइतकेंच बंधनकारक समजावें असें त्यांत म्हटलें. पलटणी मिळतील, मात्र कंपनीच्या दोस्तांविरुद्ध त्या वापरतां येणार नाहींत. सोबत दोस्तांची यादी दिली. त्या यादींत टिपूचें नांव नव्हतें. शब्द एकही मोडला नाहीं, आणि अर्थ मात्र सारा मोडला! वकिली बुद्धीचें कौतुक करावें, कीं कायद्याची कींव करावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

शोअर ह्या जातीचा नव्हता. तो लढवय्या नव्हे. महसुलाच्या कागदांत डोळे झिजविलेला, बंगालच्या जमाबंदीची खडान् खडा माहिती असलेला मुलकी अधिकारी. त्यानें कलम वाचलें. मराठ्यांनीं कंपनीवर हल्ला केलेला नाहीं. निजाम हा कंपनीच्या संरक्षणाखालचा दोस्त, असें १७९० चा तह म्हणत नाहीं. तो तह टिपूपुरता. म्हणजे अपवाद लागू होत नाहीं. तेव्हां स्वस्थ बसणें प्राप्त. खर्ड्याच्या माळावर मराठे विजयी झाले त्यांत परशुरामभाऊंची तडफ होती, शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, नानांची जुळणी होती. आणि हजारों कोसांवर बसलेल्या एका सभेनें अकरा वर्षांपूर्वीं केलेला कायदाही होता. आपल्या पोवाड्यांना त्याची खबर नसली तरी इतिहासाला असावी.

शोअरच्या ह्या स्वस्थ बसण्याला इंग्रजांतच मोठी नांवें ठेवलीं गेलीं. माल्कमनें पुढें लिहिलें, कीं असल्या अलिप्तपणानें दोस्तांचा विश्वास उडतो, शत्रू सोकावतो आणि शेवटीं युद्ध टळत नाहीं. ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नव्हे. खर्ड्यानंतर निजामानें संतापून इंग्रज पलटणींना निरोप दिला, आणि रेमाँ ह्या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढविली. लवकरच त्याचा मुलगा अलीजाह यानें बंड केलें, तेव्हां त्या पलटणी पुन्हा बोलवाव्या लागल्या, ही गोष्ट निराळी. एवढें खरें, कीं स्वतःचा हात बांधून घेणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते, आणि पुष्कळदां ती दुसऱ्याच्या खिशांतून जाते.

१७९८ मध्यें वेलस्ली आला आणि सारा रंगच पालटला. कायदा तोच, कलम तेंच, मनुष्य दुसरा. तो येऊन महिना होतो न होतो तोंच मॉरिशस बेटांतल्या फ्रेंच गव्हर्नरानें काढलेला एक जाहीरनामा त्याच्या हातीं पडला. टिपूनें इंग्रजांविरुद्ध मदत मागितली आहे, ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं नांवें नोंदवावीं, असा त्याचा मजकूर. प्रत्यक्षांत टिपूच्या मुलखांत उतरलेले स्वयंसेवक शंभरही नव्हते. परंतु कलमांत ‘तयारी’ हा शब्द होता ना? हीच ती तयारी! लंडनच्या गुप्त कमिटीनेंही, टिपूनें खरोखरच असें केलें असेल तर त्याच्या पहिल्या वाराची वाट पाहत बसूं नये, असेंच कळविलें. टिपूचा कावा अगदींच खोटा होता असें मी म्हणत नाहीं. फ्रेंचांशीं त्याचें संधान खरेंच होतें. पण शंभर माणसांची तयारी ही एका राज्याच्या नाशाला पुरेशी आहे कीं नाहीं, हें ठरविणारा कोण? ज्याला लढावयाचें होतें तोच. मे १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें.

मराठ्यांच्या बाबतींत वेलस्ली आणखी पुढें गेला. डिसेंबर १८०२ मध्यें बाजीरावाकडून वसईचा तह लिहून घेतला. त्यांत पेशव्यानें कबूल केलें, कीं मी कोणावर आपण होऊन चाल करणार नाहीं, आणि इतर संस्थानांशीं तंटा पडल्यास कंपनीचा निवाडा मानीन. निजामानें असेच शब्द दोन वर्षांपूर्वीं लिहून दिले होते. मग जून १८०३ मध्यें गव्हर्नर जनरलनें दक्षिणेंतला युद्ध आणि तह करण्याचा अधिकार आपल्या धाकट्या भावाच्या, आर्थर वेलस्लीच्या हातीं दिला. कलकत्त्यास विचारीत बसण्यास वेळ नाहीं, असें कारण. ऑगस्टांत त्या भावानें शिंदे-भोसल्यांविरुद्ध युद्ध सुरू करून अहमदनगर घेतलें. २३ सप्टेंबरला असईच्या लढाईंत शिंद्यांचे आणि इंग्रजांचे मिळून हजारों लोक पडले. कलकत्त्याचें पत्र जहाजानें लंडनला पोंचावयास पांच-सहा महिने लागत, उत्तर यावयास तितकेच. पार्लमेंटनें ज्याच्यावर पहारा ठेवला होता त्यानें आपला अधिकार रणांतल्या सेनापतीला दिला, आणि पहारेकऱ्याला बातमी कळेपर्यंत असई होऊन गेली. पुढें होळकरांनीं मॉन्सनची दुर्दशा केली, भरतपूर हातीं येईना, खर्च हाताबाहेर गेला, तेव्हां १८०५ मध्यें वेलस्लीला माघारें जावें लागलें. पार्लमेंटांत त्याच्यावर आरोप ठेवण्याची खटपट झाली; शिक्षा कांहीं झाली नाहीं. जिंकलेला मुलूख बव्हंशीं कंपनीकडेच राहिला.

ह्यानंतर आमच्या जिल्ह्यानें एक चमत्कारिक दृश्य पाहिलें. अंबेजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या नांवाची, खर्च निजामाच्या माथीं, अंमलदार इंग्रज. त्या खर्चाच्या थकबाकीपायीं १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. निजामाचा पहिला वार करण्याचा अधिकार खरोखरच नाहींसा झाला होता. पण तो त्याच्या रयतेनें किंवा रयतेच्या सभेनें काढून घेतला नव्हता, परक्यानें काढून घेतला होता. दोन्हींत फार अंतर आहे. तें १९४७-४८ मध्यें दिसलें. परक्याचा लगाम सुटला, आणि निजामाला आवरील अशी प्रजेची सत्ता हैदराबादेंत उभी राहिलेली नव्हती. मग कासिम रझवीसारख्या लातूरच्या एका वकिलाच्या हातीं रझाकारांची सेना जमली, आणि मराठवाड्यांतल्या गांवांनीं काय सोसलें तें सांगणारीं माणसें आमच्या घरोघरीं होतीं. ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो अध्याय संपला.

आतां आजच्या प्रश्नाकडे येतों. अमेरिकेच्या राज्यघटनेनें युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. तरीही अण्वस्त्र सोडण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष एकटा देऊं शकतो. दुसऱ्या कोणाची संमति कायद्यानें लागत नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें टेड ल्यू आणि एडवर्ड मार्की ह्या दोन सभासदांनीं एक विधेयक मांडलें. शत्रूनें आधीं अण्वस्त्र सोडलेलें नसेल तर, काँग्रेसनें युद्ध पुकारून तशी स्पष्ट परवानगी दिल्यावांचून, राष्ट्राध्यक्षानें पहिला अणुप्रहार करूं नये, असा त्याचा आशय. तें पुढें पुन्हा पुन्हा मांडलें गेलें. त्याचा कायदा झाला नाहीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें सेनेटच्या परराष्ट्र समितीनें ह्या अधिकाराची चौकशी करण्यासाठीं बैठक भरविली; त्या विषयावर अशी बैठक चार दशकांत झाली नव्हती. विरोधकांचें म्हणणें माल्कमचेंच आहे. हात बांधले तर दोस्त घाबरतील आणि शत्रू सोकावेल.

विधेयकाच्या बाजूनें मन झुकत असतांही मला त्यांत १७८४ चें तेंच दार दिसतें. शत्रूनें आधीं प्रहार केला आहे, हें ठरविणारा कोण? राष्ट्राध्यक्षच. आणि मॉरिशसच्या जाहीरनाम्याहून फसवे कागद आज यंत्रें देतात. नोव्हेंबर १९७९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण केंद्राच्या पडद्यावर रशियाचीं शेकडों क्षेपणास्त्रें येत असल्याचें दिसलें. सरावासाठीं तयार केलेली सामग्री खऱ्या यंत्रणेंत शिरली होती. थोड्याच मिनिटांत चूक उमगली म्हणून निभावलें. वेलस्लीनें भावाला अधिकार दिला तसा प्रकारही घडून गेला आहे; आयझेनहोवरनें कांहीं विशिष्ट प्रसंगांपुरता अण्वस्त्रें वापरण्याचा अधिकार आपल्या सेनापतींना आधींच देऊन ठेवला होता, ही गोष्ट पुढें कागदपत्रें खुलीं झाल्यावर उजेडांत आली. कारण तेंच, विचारीत बसण्यास वेळ नाहीं.

पिटच्या कायद्याचा पराभव जहाजांच्या मंदगतीनें केला. आजच्या कायद्यापुढें अडचण उलटी आहे. खंडांतरींचें क्षेपणास्त्र अर्ध्या तासांत पोंचतें. शेजारी-शेजारी असलेल्या देशांत तर अगदीं थोडीं मिनिटें. मांजरेच्या कांठानें कूच करणाऱ्या फौजेला आठवडे लागत, आणि त्या आठवड्यांत वकील येत-जात, पत्रें फिरत, कोणाचा तरी राग निवत असे. पहिला प्रहार मात्र स्वसंरक्षणाचा नसतो. तो करणाऱ्यापाशीं वेळ असतो. तेव्हां घाईचें कारण पहिल्या प्रहाराला लागू पडत नाहीं, आणि म्हणूनच तेवढ्यापुरता सभेचा हात मध्यें घालणें शक्य आहे, असें मला वाटतें. शोअरलाही १७९५ मध्यें वेळ होता. त्यानें तो कलम वाचण्यांत घालविला.

आपल्या देशानें पोखरणच्या १९९८ च्या स्फोटांनंतर, अण्वस्त्र आपण आधीं वापरणार नाहीं, असें धोरण स्वीकारलें. ता. ४ जानेवारी २००३ रोजीं मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीनें तें जाहीर केलें. प्रत्युत्तराचा हुकूम पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदच देईल, असें त्यांत आहे. अपवादही आहे. भारतावर किंवा भारतीय सैन्यावर जैविक अथवा रासायनिक शस्त्रांनीं मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राचा पर्याय मोकळा ठेवला आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें संरक्षणमंत्र्यांनीं पोखरणलाच सांगितलें, कीं आजवर हें धोरण पाळलें आहे, पुढचें परिस्थितीवर अवलंबून राहील. धोरण मंत्रिमंडळानें केलें, तें मंत्रिमंडळ बदलूं शकतें. त्यांत अवैध कांहीं नाहीं.

राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदानें संरक्षणदलांचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे ठेवलें आहे, आणि त्याचा वापर कायद्यानें नियमित केला जाईल, असें म्हटलें आहे. १९७५ च्या आणीबाणीचा अनुभव घेऊन १९७८ मध्यें संसदेनें ४४ वी घटनादुरुस्ती केली. तेव्हांपासून आणीबाणी पुकारावयाची तर मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो, आणि महिन्याच्या आंत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमतानें संमति मिळवावी लागते. पहिला अणुप्रहार करण्यासाठीं असा लेखी कागद किंवा अशी संमति लागते, असें आपल्या कोणत्याही अधिनियमांत लिहिलेलें नाहीं.